किल्लीचा कौल

काळूरामच्या शब्दाला नायगावच्या खाडीकाठी अशी पत होती, की भांडणात दोन्ही बाजूंनी त्यालाच साक्षीला बोलवावं. धंदा त्याचा गाड्यांच्या वायरिंगचा, चंदनसारला पत्र्याच्या शेडमध्ये. नवी बॅटरी टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो ढिला झालेला अर्थिंगचा नट आवळून द्यायचा आणि म्हणायचा, जा, ही अजून दोन वर्षं मरत नाही. शेजारचे मिस्त्री त्याला ‘काय महाराज’ म्हणून चिडवायचे, कारण दिवसभर मोबाइलवर कीर्तन चालू असायचं आणि हातात तापलेली सोल्डरिंग असतानाही याची मान टाळावर डोलायची. माणूस मऊ. बुवांचा गळा दाटून आला की त्याच्या आधी याचे डोळे भरायचे.

गाव त्याचं नायगाव पूर्वेला, खाडीच्या बांधालगत. मिठागरं गेली, भाताच्या खाचरांत टॉवर उभे राहिले, पण गावदेवी होती तिथंच आहे, आणि माघात तिच्या अंगणात सप्ताह बसतो. गेल्या साली काळूरामच्या बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तेव्हा तो देवीला बोलून गेला होता, की ही घरी आली तर तुझ्या सप्ताहात सातही दिवस अखंड दिवे फिरते ठेवीन, क्षणभर विझू देणार नाही. बायको घरी आली. मग यंदा त्यानं स्वतःच्या हातानं देवीमागे फिरत्या दिव्यांची प्रभावळ बसवली, कळसावर माळा सोडल्या, आणि खालचे दिवे नि वरचे दिवे एकाच तालात नाचावेत म्हणून दोघांना हुकूम सोडणारी एक बिनतारी पेटी तयार केली. पेटीचा आवाका कळसापर्यंत पुरेना, तर तिला हातभर तांब्याची तार जोडली आणि आतला जोरही वाढवला. दिवे असे नाचले की म्हाताऱ्या बायांनी कानशिलावर बोटं मोडली.

त्याच गावात, देवळाला लागूनच, दीपेशचं घर. दीपेश म्हणजे देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, पांढरा सदरा, तोंडात साखर. त्याची आई खुब्याचं हाड मोडल्यापासून मागच्या पडवीत, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून खाटेवर पडलेली. पडून पडून अंगाला जखमा झालेल्या. थोरली मुलगी सत्यवती विरारला शाळेत शिकवते. ती दर रविवारी यायची, जखमा धुवायची, आणि निघताना म्हातारी तिचा पदर मुठीत धरून पुटपुटायची, “मला ने.” पण बांधाजवळचा शेवटचा तुकडा अजून म्हातारीच्या नावावर होता आणि त्यावर तिचा अंगठा दीपेशला घ्यायचा होता. अंगठ्याशिवाय आई उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हे त्यानं कधी तोंडानं म्हटलं नाही. फक्त दर वेळी काहीतरी आडवं यायचं.

रिक्षात म्हातारीला बसवत नव्हतं. म्हणून सत्यवतीनं एक वापरलेली गाडी घेतली. किल्ली पर्समध्ये असली की दाराच्या मुठीवरचं बटण दाबायचं, दार उघडतं, आत दुसरं बटण दाबलं की इंजिन चालू, आणि किल्ली घेऊन लांब गेलं की आपोआप कुलूप, अशा तऱ्हेची. सप्ताह बसला त्या दिवशी ती गाडी थेट देवळासमोर दीपमाळेपाशी घेऊन आली. बाकी पाहुण्यांच्या गाड्या लांब शाळेच्या मैदानात होत्या, गावकरी मोटारसायकलवर, दीपेशची जुनी जीप साध्या चावीची. आईला चार पावलंच उचलून न्यावं लागावं एवढाच तिचा हिशेब. चारचौघांत तिनं भावाला सांगितलं, आठ दिवस आईला दवाखान्यात दाखवते. लोकांसमोर दीपेशला नाही म्हणता येईना. म्हातारीला खुर्चीत घालून बाहेर आणली.

आणि दार उघडेना.

सत्यवतीनं मुठीवरचं बटण दाबलं, किल्लीवरचं दाबलं, किल्ली काचेला टेकवून दाबलं. गाडी मुकी. तिनं चंदनसारला काळूरामला फोन लावला. तो म्हणाला, किल्लीतला सेल गेला असणार. किल्लीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं, ते ओढून काढ, दाराच्या भोकात फिरव, मग किल्ली चालू करायच्या बटणाला चिकटवून धर. तिनं पातं फिरवलं. दार उघडलं, पण गाडीला वाटलं चोर आला. गाडीनंच भोंगा सुरू केला. आत बुवा नामाच्या गजरात रंगलेले, टाळकरी झुलत होते, आणि अंगणात हा आक्रोश. मृदंग थांबला, टाळ थांबले. सारी सभा मागं वळून बघू लागली.

भोंगा एकदाचा बंद झाला तेव्हा दीपेशनं कोणावर आवाज चढवला नाही. आईच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आय, देवी नाय म्हनते गं. तिनंच दार धरलंय.” म्हातारीनं देवळाकडे पाहिलं, हात जोडले, आणि खुर्ची परत मागच्या पडवीत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी काळूरामच्या शेडमध्ये. तो आणि सत्यवती एकाच बांधावर चिंबोऱ्या धरत वाढलेले. ती त्याला राखी बांधायची. त्यानं मन लावून काम केलं. किल्लीतला बटणाएवढा सेल बदलला, जुना मीटरवर पाहिला तर तोही चांगलाच निघाला, तेव्हा जरा चक्रावला. बॅटरी पाहिली, भरलेली. गाडी बंद असताना कुठे करंट गळतोय का ते तासभर मीटर लावून बघितलं, गळती नाही. चारही दारांच्या मुठी, रबराखालच्या वायरी, फ्यूजची पेटी, सगळं उघडून पुसून बसवलं. पन्नास वेळा दार लावलं, पन्नास वेळा उघडलं. मग हात पुसत म्हणाला, “सत्ये, गाडी सोन्यासारखी आहे. जुना सेल कधीतरी दगा देतो. आता देवीच्या दारात ने नाहीतर समुद्रात ने, उघडणार.”

तिनं हा शब्द उराशी धरला आणि त्याच संध्याकाळी गावात गेली, गाडी या वेळी शाळेच्या मैदानातच लावून.

गावात कौल लावायची रीत जुनी आहे. लग्न जमवायचं, विहीर खणायची, कशाचाही निर्णय होईना झाला की गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पाकळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नाही. सत्यवती पंचांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या आईचा कौल लावा. गुरव म्हणाला, “पाकळ्या कशाला, बाय? कौल झाला. गावानं डोल्यांनी बघितला.” बायका पदराआड हसल्या. कोणीतरी म्हणालं, मास्तरीणबाईंना एकदा सांगून कळत नाही. तेव्हा सत्यवतीचा तोल सुटला. ती म्हणाली, मग तोच कौल पुन्हा लावा, त्याच दाराचा. शेवटच्या, काल्याच्या दिवशी, भर दुपारी, दीपमाळेपाशी, आईला समोर बसवून. पातं नाही, जोर नाही, नुसतं बोट लावीन. उघडलं तर आई माझ्याबरोबर येईल. नाही उघडलं तर पुन्हा कधी आईला मागायला येणार नाही.

पंचांना हे पटलं. देवीचा मान राहत होता आणि तमाशाही होणार होता. म्हातारीला पडवीत जाऊन विचारलं. ती म्हणाली, देवी सांगेल ते. दीपेशला मान हलवावीच लागली.

सहाव्या दिवशी काळूराम दिव्यांवर नजर टाकायला देवळात आला. गास गावच्या हिलरी नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी एसीच्या वायरिंगसाठी त्याच्याकडे होती, ती पोचवायला निघाला होता, म्हणून तीच घेऊन आला. तिलाही तसलीच बटणाची किल्ली. दीपमाळेपाशी लावली, दर्शन घेतलं, परत आला, मुठीला बोट लावलं. दार उघडेना.

त्यानं पुन्हा बोट लावलं. मग किल्ली हातात धरून मागं मागं चालू लागला, पण गाडी तिथंच असल्यानं त्याचा उपयोग नव्हता. तेव्हा पातं घालून, भोंगा वाजायच्या आत किल्ली बटणाला चिकटवून त्यानं गाडी चालू केली आणि विहिरीपर्यंत नेली. विहिरीपाशी दार खुशाल उघडलं. पिंपळापाशी उघडलं. दीपमाळेच्या बारा पावलांच्या आत आली की मुकी. त्यानं वर पाहिलं. कळसावर त्याच्याच माळा खालच्या प्रभावळीशी ताल धरून नाचत होत्या.

काळूरामला आपली पेटी आठवली. तो गाभाऱ्याच्या मागल्या बाजूला गेला. पेटी तिथं कोनाड्यात गुणगुणत होती. एका हातात हिलरीची किल्ली, दुसऱ्या हातात पेटीचा प्लग. कोणी बघत नव्हतं. त्यानं प्लग ओढला, खिडकीतून किल्ली दाबली. अंगणातली गाडी दोनदा कुकली. त्यानं प्लग परत खोचला. एका श्वासापुरतं झालं सगळं. त्या एका श्वासात देवीमागची प्रभावळ काळी पडली होती, आणि गुरवाला वाटलं असेल की लाइटनं डोळा मारला.

दोष गाडीत नव्हता, किल्लीत नव्हता. त्याची पेटी दिवसरात्र इतक्या जोरानं ओरडत होती, की बिचाऱ्या किल्लीची कुजबुज गाडीच्या कानापर्यंत जातच नव्हती. आणि तार त्यानंच जोडली होती.

तो दीपेशकडे गेला. सरळ सगळं सांगितलं, आणि म्हणाला की उद्या दुपारी दहा मिनिटं पेटी बंद ठेवू. दीपेशनं त्याला बसवलं, चहा मागवला, नीट ऐकून घेतलं. एकदा देवळाकडे, एकदा पडवीकडे पाहिलं. मग म्हणाला, “काळूभाऊ, नवस तुझा. अखंड म्हंजे अखंड. तुला मोडायचाय तर मोड, मी हात धरनार नाय. पन मी माईकवरून सांगनार, कोनी मोडला आनि कोनासाठी मोडला. वहिनींची तब्येत कशी हाय आता?”

शेवटचं वाक्य त्यानं अगदी मायेनं विचारलं.

काळूराम घरी आला. बायको तुळशीपाशी दिवा लावत होती. ती म्हणाली, उद्याचा दिवस पार पडला की फिटला आपला नवस. त्यानं सत्यवतीचा नंबर काढला, घंटा एकदा वाजू दिली आणि कापला. म्हणाला, सकाळी सांगू. सकाळी म्हणाला, तिथं गेल्यावर सांगू. एका श्वासापुरता नवस तर त्याच्या हातून आधीच मोडला होता, आपल्या कुतूहलासाठी. हे त्याला आठवत होतं. पण ते देवीनं पाहिलं नसेल अशी आशा होती, आणि माणसाची आशा फार वाईट जात.

काल्याचं कीर्तन रंगलं. बुवांनी गोष्ट लावली ती एका गाईची. पुरात गाय अल्याड, वासरू पल्याड, मधे पाणी; गाय हंबरते, वासरू आवाजाच्या दिशेनं पाण्यात पाय टाकतं. बुवा हंबरले आणि अंगण हुंदक्यांनी भरलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पंच नाकं शिंकरत होते. दीपेशचेही डोळे लाल. काळूरामला तर पुढचं दिसेना. त्याच ओल्या डोळ्यांनी सगळे उठले आणि दीपमाळेभोवती गोल करून उभे राहिले, कौल बघायला.

म्हातारीला खुर्चीत आणून बसवलं होतं. तिनं स्वच्छ लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर गाठोडं धरलं होतं. दोन लुगडी, औषधांची पिशवी, पितळी डबी. निघायची तयारी करून आली होती म्हातारी. लेकीकडे बघून हसलीसुद्धा.

सत्यवती पुढं झाली. देवीला नमस्कार केला. पर्स खांद्याला, किल्ली पर्समध्ये. तिनं मुठीवर बोट ठेवलं.

काही झालं नाही.

पुन्हा ठेवलं. मग किल्ली बाहेर काढली, दाबली. पुन्हा दाबली. गर्दीतून एक मुलगी फिसकन हसली आणि तिला कोणी दटावलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, “फुंकर घाल, मास्तरीण.” सत्यवतीच्या कपाळावर घाम आला होता. ती वळली आणि तिनं गर्दीत काळूरामला शोधलं.

“काळूदादा, तू सांग. सगळ्यांसमोर सांग. काय खोट आहे गाडीत?”

सगळं गाव त्याच्याकडे वळलं. इतकी शांतता झाली की गाभाऱ्यामागची पेटी त्याला ऐकू येत होती. दीपेशच्या हातात माईक होता. बायको पहिल्या रांगेत, हात जोडून, फिरत्या दिव्यांकडे बघत उभी. काळूरामच्या जिभेवर खरं होतं. त्यानं त्यातलं अर्धं उचललं.

“गाडीत काही खोट नाही,” तो म्हणाला.

अक्षर न् अक्षर खरं. आणि त्यानंच काम झालं. काळूराम म्हणतो गाडीत खोट नाही, म्हणजे खोट कुठं ते गावाला उमगलं. गुरवानं ‘उदो’ म्हटलं, गाव ‘उदो उदो’ म्हणालं. सत्यवती त्याच्याकडे बघतच राहिली, जणू तो आणखी काही बोलेल. तो बोलला नाही. म्हातारीनं मांडीवरचं गाठोडं सुनेच्या हातात दिलं, आणि लेकीला म्हणाली, “जा बाय. आता येऊ नको.”

दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. सत्यवती जेवली नाही आणि गेलीही नाही. पातं घालून भोंगा पुन्हा वाजवायचा नाही म्हणून ती विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली, आणि येणारी-जाणारी पोरं तिच्याकडे बघून भोंग्याचा आवाज काढत राहिली.

दिवेलागणीला नवस संपला. काळूरामनं आरती घेतली, गाभाऱ्यामागं गेला आणि प्लग काढला. मग विहिरीपाशी आला. सत्यवतीला म्हणाला, “आता दाब.”

तिनं बसल्या जागेवरून दाबलं. दीपमाळेपाशी गाडी कुकली, दिवे उघडझाप झाले, कुलपं सुटली.

शाळेत शिकवणारी बाई ती. तिनं गाडीकडे पाहिलं, अंधारलेल्या कळसाकडे पाहिलं, आणि विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“कालपासून.”

ती रडली नाही. उठली आणि म्हणाली, चल, आईला सांग.

पडवीत म्हातारी खाटेवर होती, दीपेश पायाशी बसलेला. काळूरामनं सगळं सांगितलं. पेटी, तार, किल्ली, कालचा प्लग, दुपारचं अर्धं बोलणं. सांगता सांगता हमसून रडला, म्हणाला, आई, माझ्यामुळं झालं, देवीचा काही संबंध नाही, तू हिच्याबरोबर जा. म्हातारीनं सगळं ऐकलं. मग तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाला, तू खोटं बोलतोस व्हय? जन्मात नाय बोललास, आनि आज माझ्यासाठी?” मग लेकीकडे बघून तिचा आवाज कडक झाला. “सत्ये, साध्या मानसाला कशाला पापात ओढतेस? दुपारी देवीसमोर बोलला तो खरा. आता भीड घातलीस म्हनून बोलतो.”

काळूराम देवीची शपथ घ्यायला लागला. म्हातारीनं त्याच्या तोंडावर हात धरला, शपथ घेऊ दिली नाही. दीपेश मायेनं म्हणाला, “काळूभाऊ मनाचा लोनी हाय.” मग त्यानं आईला विचारलं की थकलीस का, आणि तिला भिंतीकडे वळवून निजवलं. म्हातारी कण्हली. सत्यवती पुढं सरकली, तसा म्हातारीनं पाठमोऱ्यानंच हात वर केला. नको.

शब्द दिलेला होता. सत्यवती बाहेर पडली.

काळूराम तिच्या मागोमाग गाडीपर्यंत आला. त्याला बरंच बोलायचं होतं. पंचांपुढं जातो, उद्या गाव गोळा करतो, पेटी लावून दाखवतो, हिलरीची गाडी आणतो. तिनं ऐकून घेतलं. दार उघडून आत बसली.

“दाखव,” ती म्हणाली. “म्हणतील, मास्तरणीनं नवं यंत्र बसवलं. दुपारी एक वाक्य पुरलं असतं, दादा.”

तिनं इंजिन चालू केलं आणि काच वर करता करता थांबली.

“डाव्या कुशीवर निजवलंय तिला. मोठी जखम त्याच अंगाला आहे. मला आता जाता येणार नाही. तेवढं जाऊन सांग.”

गाडी बांधाच्या रस्त्याला लागली. काळूराम धावतच परत गेला. पडवीचं दार आतून लावलेलं होतं. त्यानं कडी वाजवली, दीपेशला हाक मारली, डावी कूस, डावी कूस म्हणून ओरडला. आत कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.